अंजिराची काडी थंडीतच लावा

बेळगाव भागात काहीही लावायचं म्हटलं की माणसं मृगाची वाट बघतात. जास्वंद, शेवगा, गुलाब, कुंपणाचा मोगली एरंड, सगळं जूनच्या पहिल्या पावसात मातीत खोचायचं आणि पुढचं पावसावर सोडायचं. बरंचसं जगतंही. अंजिराला मात्र हा नियम लावू नका. आमच्या हवेत अंजिराची काडी डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावायची, झाडाला नवी फूट यायच्या आत. गेली काही वर्षं दर थंडीत मी काड्या लावते आहे. त्यांतली बरीच रोपं आता लोकांच्या परड्यांत फळं देतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

पावसाळ्यात झाडाची सगळी ताकद पानांत असते. फांदी हिरवी, पाणचट, नखाने दाबली तर दबते. ती कापून लावली की पानांतून पाणी उडत राहतं आणि खाली पाणी ओढायला मूळच नसतं. त्यात आमचा पाऊस. उचगाव, बेळगुंदी, खानापूर या पट्ट्यात एकदा झड लागली की माती सुकायचं नाव घेत नाही. जमिनीतलं टोक काळं पडतं, साल बोटाने ओढली तर मोजा निघावा तशी निघून येते आणि आंबूस वास येतो. शिवाय पावसाळी दमट हवेत अंजिराच्या पानांवर तांबेरा येतो. पानाच्या खालच्या बाजूला विटकरी रंगाची भुकटी धरते आणि पान गळतं. कोवळ्या रोपाला हे सोसत नाही.

थंडीत उलट असतं. झाड पानं टाकून विश्रांतीला जातं. वर्षभर पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांच्या लाकडात साठलेलं असतं आणि मुळं फुटेपर्यंत काडीला त्याच्यावरच जगायचं असतं. ते जितकं जास्त, तितकी काडी टिकते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे चांगल्याच गार असतात आणि झाडाला विश्रांती मिळते.

माझं माहेर चिकोडी तालुक्यात. तिथे विहिरीच्या कडेला अंजिराचं झाड आहे. आजोबांनी सासवडकडून आणलेल्या काडीचं. पुरंदर तालुक्यातलं ते अंजीर, जांभळट तपकिरी सालीचं, आत गुलाबी लाल गराचं, पातळ सालीमुळे दोन दिवसांत मऊ पडणारं. याच पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या जातीचं फळ परागीभवनाशिवाय धरतं, त्यामुळे आतल्या बिया बहुतेक पोकळ असतात. बी पेरून हे झाड मिळत नाही. किराणा दुकानातल्या सुक्या अंजिराच्या बिया कधीकधी उगवतात आणि पोरं कौतुकाने कुंडीत जपतात, पण ते रोप नर निघू शकतं. मादी निघालं तरी त्यातल्या काही जातींना फळ धरायला एका विशिष्ट बारीक गांधीलमाशीची गरज असते आणि ती माशी आपल्याकडे नाही. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे, त्याचीच काडी घ्या. काडीतून येणारं झाड म्हणजे तेच झाड असतं, चव, रंग, गोडी सगळ्यासकट.

दादा दर जानेवारीत त्या झाडाची छाटणी करतो. मला नुसता फोन करतो, "फांद्या पाडतोय, येतीस काय?" मी संकेश्वरवरून बसने जाते. न्हाणीचं सांडपाणी झाडाच्या मुळाशी जातं, त्यामुळे सगळी पानं कधीच गळत नाहीत, शेंड्याला चार-दोन राहतातच. म्हणून मी अख्ख्या झाडाकडे न बघता एकेक फांदी बघते. जिची खालची पानं गळून गेली आहेत, पानाच्या जागी फिकट वण उरला आहे, शेंड्याचा डोळा टोकदार आणि घट्ट मिटलेला आहे, ती फांदी तयार. डोळा फुगून टोक हिरवं उघडायला लागलं असेल तर ती सोडायची.

वय बघायचं ते आठ-दहा महिन्यांचं. मागच्या पावसाळ्याआधी फुटलेली फांदी आता करड्या तपकिरी सालीची झालेली असते, वाकवली तर लगेच मोडत नाही आणि हिरवीही नसते. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी जास्त, अंगठ्यापेक्षा कमी. शेंड्याचा कोवळा वीतभर भाग मी टाकून देते. अगदी बुंध्याजवळची जुनाट जाड फांदीही घेत नाही. तिला मुळं येतात, पण फार रेंगाळत. बुंध्याजवळून सरळसोट वर गेलेले लांब कांड्यांचे धुमारे दिसायला देखणे असतात, ते पोकळ आणि पाणीदार असतात. मला आखूड कांड्यांची काडी आवडते. २० ते २५ सेंटीमीटर लांबीत पाच-सहा डोळे आले की ती चांगली काडी.

कापायची कशी, हे नीट बघण्यासारखं आहे. अंजिराच्या फांदीत मधोमध भेंडासारखा मऊ गाभा असतो. कांड्याच्या मध्यावर कापलं की तो गाभा उघडा पडतो आणि तिथून कूज आत शिरते. डोळ्याच्या जागी, म्हणजे पेराच्या गाठीत, आतून टणक पडदा असतो. म्हणून खालचा काप गाठीच्या लगेच खाली, आडवा सरळ. वरचा काप वरच्या डोळ्यापासून बोटभर उंचीवर, तिरका, म्हणजे पाणी ठरत नाही आणि लावताना कोणती बाजू वर हेही कळतं. पानं नसलेली काडी दोन्हीकडून सारखीच दिसते आणि उलटी लागली की गेली. कात्री धारदार हवी. दादा कोयत्याने सपासप तोडतो, मग मी प्रत्येक काडीला छाटणीच्या कात्रीने नवे काप देते, कारण कोयत्याने साल चेचते.

आता चीक. तोडल्या क्षणी दुधासारखा पांढरा चीक टपटपायला लागतो. तो हातावर वाळला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात. लांब बाह्या, हातमोजे, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणं, यात कुचराई करू नका. लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका. काड्या मी बादलीतल्या साध्या पाण्यात चीक थांबेपर्यंत बुडवून ठेवते, मग सावलीत रात्रभर पसरून ठेवते. काप सुकून त्यांच्यावर खपली धरली की बुरशी लवकर शिरत नाही.

बेळगावला आणताना वहिनी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी घालून देते. अशा गुंडाळलेल्या काड्या गार सावलीत आठवडाभर आरामात राहतात, फक्त फडकं पिळून घेतलेलं हवं.

मातीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मं यश तिथेच ठरतं. माहेरची जमीन काळी. ऊस, सोयाबीन, तंबाखू तिच्यात जोमाने येतात. पण काडीला ती जड पडते. पाणी धरून ठेवते, हवा जाऊ देत नाही आणि सुकली की भेगाळते. एका थंडीत दादा आणि मी मुद्दाम एकाच झाडाच्या काड्या वाटून घेतल्या. त्याने विहिरीजवळच्या काळ्या मातीत वाफा करून लावल्या, मी इथे पिशव्यांत. त्याच्या वाफ्यात थोड्याच तगल्या, त्याही बांधाच्या उंच कडेच्या, जिथे पाणी निथळत होतं. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त लागल्या.

माझं मिश्रण असं: दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग भाताचा जळका कोंडा. तांबडी माती खानापूरकडची. कोंडा भाताच्या गिरणीतून येतो, तो मंद जाळून काळा करायचा, राख होऊ द्यायची नाही. नदीची वाळू मिळत नसेल तर बांधकामाची कृत्रिम वाळू चालते, पण तिच्यातली बारीक भुकटी धुऊन काढावी लागते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) मिळालं तर फारच उत्तम. शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या टप्प्यावर घालायचं नाही. मूळ नसलेल्या काडीला खताचा उपयोग नसतो, बुरशीला मात्र होतो. ओल किती हवी, हे हाताने कळतं. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब निघू नये.

मुळं फुटण्याची पावडर बाजारात मिळते. त्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं. मी ती वापरते तेव्हा खालच्या गाठीला हलकी लावते आणि जास्तीची झटकून टाकते. अंजीर मुळात मूळ धरायला राजी असलेलं झाड आहे, पावडर नसली म्हणून अडत नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं ते. फांदीच्या गाठीत मुळांची सुरुवात आधीच असते, तिला ऊब आणि ओल मिळाली की झालं.

ऊब ही थंडीत अवघड गोष्ट. काडी थंडीत झोपलेली हवी, पण मुळं फुटायला खाली २० ते २५ अंश हवेत. आमच्या घरी पाणी तापवायची चूल अजून आहे. न्हाणीच्या त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पडवी आहे आणि सकाळी चूल पेटली की भिंत दुपारपर्यंत कोमट राहते. पिशव्या मी तिथेच भिंतीला लागून ओळीने ठेवते. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळतं, नंतर नुसता उजेड. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी काड्या ओलसर कागदात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवाव्यात. दर तीन-चार दिवसांनी उघडून बघायचं. पांढऱ्या लोकरीसारखी बुरशी दिसली तर काडी पुसून कागद बदलायचा. दोन-तीन आठवड्यांत गाठीभोवती सालीवर पांढरे दाणे उठतात, मोहरीएवढे, खडबडीत. तीच मुळांची सुरुवात. मग जपून पिशवीत लावायची, ते दाणे घासले जाऊ न देता.

पिशवीत लावताना काडीचे दोन तृतीयांश मातीत, दोन डोळे वर. आधी खुंटीने भोक पाडायचं, काडी त्यात सोडायची आणि भोवतीची माती बोटांनी दाबायची. काडीच जोराने खुपसली तर खालची साल सोलवटते. प्रत्येक वेळी दोन-चार काड्या मी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावते, तळाला भोकं पाडून, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून. कागद सोडला की आत काय चाललंय ते दिसतं. बाकीच्या पिशव्या मग हलवून, उपसून बघाव्याशा वाटत नाहीत.

शेजारचे मामा रताळी लावणारे. आमच्या पश्चिम भागात पावसाळ्यात रताळ्याचा वेल कापून सरीवर टाकतात आणि तो आठवड्यात मूळ धरतो. त्यांनी माझ्या पिशव्या बघून विचारलं, "पंधरा दिवस झाले की ग. आमचा वेल एव्हाना पसरला असता. हे काय लागतंय?" मी त्यांना ग्लासातली काडी दाखवली. पान एकही नव्हतं, पण मातीच्या आत गाठीवर दाणे आले होते. वेल कोवळा असतो, हे लाकूड आहे, एवढाच फरक.

आणि खरी परीक्षा त्यानंतर येते. तीन-एक आठवड्यांत वरचा डोळा फुगतो, टोक हिरवं होतं आणि एक चिमुकलं, घडी घातलेलं, लवदार पान उघडतं. बघणाऱ्याला वाटतं, काडी लागली! माणसं याच दिवशी पिशवी उन्हात ठेवतात, भरपूर पाणी घालतात, चमचाभर युरियाही टाकतात. आठवडाभरात पान मान टाकतं आणि काडी जाते. कारण ते पान मुळांच्या जोरावर आलेलं नसतं, काडीतल्या साठ्यावर आलेलं असतं. मुळं त्यानंतर येतात, कधी दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानेही. पान आलं म्हणजे आता खर्च सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. या काळात मी पाणी वाढवत नाही, उलट हात आखडता घेते. पिशवी उचलून वजन बघते. हलकी लागली तरच कडेने थोडं पाणी. फेब्रुवारीतली आमची कोरडी हवा कोवळ्या पानाला सोसत नाही, म्हणून काडीवर तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घालते आणि झाकण रोज थोडा वेळ काढून ठेवते.

याच सुमाराला आणखी एक गंमत होते. पानाच्या बेचक्यात हिरवं, वाटाण्याएवढं अंजीर येतं. मुळं नसलेल्या काडीवर फळ! सासूबाई दरवर्षी म्हणतात, "राहू दे ग, देवाने दिलंय." मी त्यांची समजूत काढते आणि फळ नखाने खुडते. ते साठ्यातलंच खातं. दोनपेक्षा जास्त पानं फुटली तर वरचं एखादं राहूही देते, पण फळ कधीच ठेवत नाही.

मुळं आल्याची माझी खूण अशी: पानाची वाढ मध्ये थबकलेली असते, ती एकदम पुन्हा सुरू होते. नवीन पान आधीच्यापेक्षा मोठं येतं आणि दुपारच्या वाऱ्यातही ताठ राहतं. ग्लासात कडेला पांढरीशुभ्र मुळं दिसतात, काही दिवसांत ती पिवळट तपकिरी होऊन फुटवे धरतात. पांढरी असताना हलवू नका, कांद्याच्या पातीसारखी मट्कन तुटतात. तपकिरी होऊन जाळं झालं की मोठ्या पिशवीत घ्यायचं. काडी लावल्यापासून साधारण दोन महिने जातात, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिल. या वेळी मात्र कुजलेलं शेणखत घालते, एक तृतीयांश. बाटलीचं झाकण, मग बाटली, मग सकाळचं ऊन, असं करत हळूहळू हवेची सवय लावते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी सावलीच.

जमिनीत कधी लावायचं, याचं उत्तर आमच्या एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचं आहे. अथणी, रायबाग, चिकोडीच्या कोरड्या भागात जून-जुलैत लावावं, पहिला पाऊस झाडाला मिळतो. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापुरात मी तसं करत नाही. इथल्या पावसात रोप बुडतं आणि तांबेराही गाठतो. माझी रोपं पावसाळाभर पत्र्याच्या खाली पिशवीत राहतात, पानाखाली विटकरी ठिपके दिसले की ती पानं तोडून जाळते, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं जमिनीत जातात. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. काळी जमीन असेल तर तळाला मुरूम किंवा विटांचे तुकडे आणि रोप थोड्या उंचवट्यावर. दोन झाडांत पंधरा-सोळा फूट अंतर. घराच्या पायापासून, पाण्याच्या टाकीपासून आणि मोरीच्या नळांपासून लांब, कारण त्याची मुळं पाण्याचा माग काढत जातात. सांडपाण्याच्या कडेला लावायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, फक्त पाणी वाहतं हवं, साचलेलं नको.

पावसाळ्यातच हवं असेल, थांबणं शक्य नसेल, तर काडी न लावता गुटी बांधा. झाडावरच्या फांदीची इंचभर साल गोल काढून, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लावून, प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. फांदी झाडाला जोडलेली असल्यामुळे तिला उपासमार नाही आणि महिना-दीड महिन्यात मुळं प्लास्टिकमधून दिसायला लागतात. रोप खात्रीचं मिळतं, पण एका झाडावर मोजक्याच गुट्या बांधता येतात. छाटणीच्या भाऱ्यातून काड्या कितीही निघतात आणि एरवी त्या चुलीतच जायच्या.

लावलेलं रोप गुडघ्याच्या वर गेलं की शेंडा खुडा. बाजूने तीन-चार फांद्या फुटतात, त्या वेगवेगळ्या दिशांना राखायच्या, बाकीच्या काढायच्या. पहिल्या वर्षी आलेली फळं तोडून टाका. दुसऱ्या वर्षी थोडी ठेवा. तिसऱ्या वर्षापासून झाड नीट धरायला लागतं, आणि आमच्याकडे खायला चांगली फळं फेब्रुवारी ते मेमधली. पावसात पिकलेली फुटतात आणि पाणचट लागतात. त्या तिसऱ्या थंडीत छाटणी कराल तेव्हा फांद्या टाकू नका, आखूड कांड्यांच्या निवडून बाजूला काढा आणि कापांवरचा चीक धुऊन लगेच सावलीत ठेवा.